तुम्ही विचारलंत म्हणून: खाणी बंद झाल्या, मग डोंगर आपोआप बरा होणार नाही का?

गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात म्हटलं की समोरचा माणूस, पुण्याचा असो नाहीतर बोरिवलीचा, हमखास हेच विचारतो. लोखंडाच्या खाणी तर बंद झाल्या ना, आणि पावसात सगळं हिरवंगार दिसतं की, आम्ही गाडीतून जाताना बघितलंय, मग तुम्ही दर रविवारी तिथे जाऊन झाडं कसली लावता? मी दरवेळी घाईत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. म्हणून आज नीट बसून लिहितेय.

आधी त्या हिरव्याबद्दल. खाणीतून निघालेल्या मातीचे जे डोंगर रचलेत त्यांना आमच्याकडे सगळे डंपच म्हणतात. त्या डंपांवर जे हिरवं दिसतं ते बहुतेक अकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. वर्षानुवर्षं तीच लावली गेली कारण ती कशातही जगते, गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि तीन-चार वर्षांत डोक्याच्या वर जाते. पण एकदा तिच्याखाली बसून बघा. मी मार्चमध्ये बसले होते, हाताने पाचोळा बाजूला करत गेले, वरची पानं कोरडी, त्याखालची कोरडी, त्याच्या खालची गेल्या वर्षीची असणार ती पण तशीच, चामड्यासारखी, अख्खीच्या अख्खी. चार बोटं पाचोळा उपसल्यावर लागली ती गुलाबी-जांभळट चिकण माती, नखाने उकरली तर नखच दुखलं. एक गांडूळ नाही, मुंगी नाही. आमच्या देवीच्या राईत हेच केलं तर दुसऱ्या थरालाच बोटांना ओल लागते, बुरशीचे पांढरे धागे दिसतात आणि तो वास येतो, पहिल्या पावसाचा असतो ना तसा.

अकेशियाला मी शिव्या घालत नाही हां. तिने उघडा उतार धरून ठेवला, सावली दिली, तिची मुळं हवेतला नायट्रोजनही जमिनीत आणतात. पण तिच्यावर थांबलो तिथे चुकलं. ती विरळ करून मधे इथली झाडं घालायला हवी होती ते कुणी केलंच नाही, आणि उन्हाळ्यात तो सगळा पाचोळा पेटतो ते वेगळंच.

आता ही माती अशी का, तर ती माती नाहीच मुळी. गोव्यात एक टन लोखंडाचं ओर, म्हणजे कच्चं खनिज, काढायला अडीच-तीन टन बाकीचं उपसावं लागतं. ते उपसलेलं जिथे जागा मिळेल तिथे रचलं, आणि डोंगराची मूळची वरची वीतभर माती, जिच्यात बी असतं, जीव असतो, ती वेगळी काढून ठेवायची असते ती बऱ्याच ठिकाणी त्याच ढिगात गाडली गेली. चीनची मागणी वाढली तेव्हा तर कुणाला उसंतच नव्हती, २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर ओर बाहेर गेलं. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०१४ मध्ये ती अटींवर उठली आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज, म्हणजे खाणींचे भाडेपट्टे, रद्द होऊन १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. आता लिलाव होऊन काही ठिकाणी काम सुरूही झालंय, म्हणजे "बंद झाल्या" हे सुद्धा अर्धंच खरं. ट्रकवाल्यांची, बार्जवाल्यांची घरं बसली त्यात, माझ्या मामाचे दोन ट्रक तसेच दारात गंजले. ते दुःख मला ठाऊक आहे, म्हणून खाण हा शब्द काढला की गावात आवाज चढतात तेव्हा मी गप्प ऐकून घेते.

पण डंप काही बंदी पाळत नाही ना. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो सगळा त्या सुट्या ढिगांवर आपटतो आणि खाली शेतात उतरतो. आमच्या शेजारच्या काकीचं शेत डंपच्या पायथ्याला आहे. तिने एकदा मला कुदळ मारून दाखवलं, वर चार बोटं तांबडा थर, सुकून सिमेंटसारखा कडक झालेला, ठणकन आवाज आला कुदळीचा, आणि त्याच्या खाली एकदम काळी मऊ माती, तिच्या सासऱ्याने कसलेली. म्हणाली, बाय, शेत मेलेलं नाही गं, पुरलंय. पूर्वी तिथे पावसाळी भात आणि वर वायंगण, म्हणजे पावसानंतरचं भात, अशी दोन पिकं निघायची.

म्हणून आम्ही झाडांच्या आधी पाण्याचं बघतो, हे लोकांना कळतच नाही. उताराला पायऱ्या हव्यात, डंपच्या भोवती चर हवा, पायथ्याला चिऱ्याची भिंत, आणि चर जिथे संपतो तिथे गाळ खाली बसायला तळी, जी दर मेमध्ये उपसायची, नाहीतर जुलैत ती भरून वाहते आणि गाळ परत काकीकडे. मग काथ्याची जाळी अंथरून त्यात वाळा आणि इथलं गवत. आणि मग झुडपं: धायटी, करवंद, बांबू. धायटीवर माझा फार जीव आहे, ती कातळावर सुद्धा तग धरते आणि तिच्या लाल फुलांवर पक्षी येतात, पक्षी आले की ते बी आणतात, जे आम्ही कितीही रोपं वाहिली तरी जमणार नाही. ऐन, किंदळ, कुंभा हे सगळं त्याच्यानंतर. प्रत्येक खड्ड्यात शेणखत आणि राईतली मूठभर माती घालतो, त्यातली बुरशी मुळांना धरते म्हणून, मूठभरच, कारण एक डोंगर बरा करायला दुसरा ओरबाडायचा नाही.

खाणी खोदून पडलेल्या खंदकांचं पण विचारतात, ते सरळ बुजवत का नाही. काही खंदकांचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे. खाण चालू असताना तिथलं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसायचे आणि आजूबाजूच्या विहिरी कोरड्या, लईराई देवीच्या शिरगावचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. आता ते खंदक पाण्याने भरलेत. माझं मत विचाराल तर सगळे बुजवू नयेत, ते पाणी शेताला देता येतं, मासे पाळता येतात, साखळी गावाच्या जुन्या खाणीत तसं केलंही होतं. पण पावसाआधी पातळी उतरवायला आणि कडा सावरायला कुणीतरी कायम जबाबदार हवं. कड फुटली तर पाणी थेट वस्तीवर येतं.

आणि जबाबदारीचं म्हणाल तर कागदावर आहे सगळं. ८ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खाण संपली की लीजवाल्याने त्या जमिनीवर परत गवत उगवून द्यायचं, गुरांना चारा, झाडं, प्राणी जगतील अशी करून द्यायची. २०१७ च्या नियमांत मोठ्या खाणींना हेक्टरी ३ लाखांची हमी ठेवायला सांगितली होती. एक हेक्टर डंपला पायऱ्या, चर, भिंत, तळी आणि मग पुढची दहा वर्षं राखण, तीन लाखांत काय होणार हो? आम्ही भिंतीसाठी एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात तीन वर्षं फिरलो, प्रत्येक जण म्हणतो जमीन आमच्याकडे नाही. शेवटी गावाने वर्गणी काढली आणि अर्धीच झाली.

त्या अर्ध्या भिंतीच्या आडोशाला काकीच्या शेताचे दोन तुकडे येतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दहा-बारा जणांनी त्यातला तांबडा थर खरवडून मेरेवर, म्हणजे बांधावर टाकला, आठ दिवस लागले, आणि पावसात तिने भात लावलं. लोंब्या हलक्याच निघाल्या. तिने त्यातलं पायलीभर बियाण्याला ठेवलंय, आणि तिसऱ्या तुकड्याला कधी येताय म्हणून परवाच फोन करून विचारत होती.