सहीचे सतराशे सत्तर

"सहीचे पैसे?" अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तहसीलीत लागतात तसे?"

व्हॉट्सॲपवर आलेलं पोस्टर मी त्यांना वाचून दाखवत होतो. भारताकडून खेळलेला, आयपीएलमध्ये कोट्यवधी कमावलेला एक क्रिकेटपटू लातूरला येणार होता. औसा रोडवरचं मंगल कार्यालय, रविवार, सकाळी अकरा. सिल्व्हर पास ५००, गोल्ड १५००, प्लॅटिनम ३०००. सिल्व्हरवाल्यांनी खुर्चीत बसून लांबून बघायचं. गोल्डवाल्यांना एका वस्तूवर एक सही. प्लॅटिनमवाल्यांना सही आणि शेजारी उभं राहून फोटो. त्या खेळाडूचं नाव लिहीत नाही, कारण या सगळ्यात त्याचा दोष किती हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं पोरगं तेरा वर्षांचं. विकेटकीपर. आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले हे त्याला पाठ, सतराचा पाढा नाही. पोस्टर त्याला माझ्या आधीच आलेलं होतं, आणि "पप्पा, मी प्लॅटिनम म्हणत नाही, गोल्डच म्हणतोय" असं म्हणून त्यानं मला आधीच उपकाराखाली आणून ठेवलं होतं.

अण्णांच्या रागाला इतिहास आहे. १९८८ च्या डिसेंबरात ते हैदराबादला भारत-न्यूझीलंड कसोटी बघायला गेले होते. लातूरहून एसटीनं, सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. आपण ती कसोटी दहा गडी राखून जिंकली. पण अण्णांच्या लेखी त्या प्रवासाची कमाई म्हणजे चारमिनार सिगारेटचं एक पाकीट. अण्णा सिगारेट ओढत नाहीत. खेळाडूंची बस निघायच्या वेळी हाताशी कागद नव्हता, शेजारच्या माणसानं रिकामं पाकीट फाडून दिलं, आणि आतल्या पांढऱ्या बाजूवर एका गोऱ्या खेळाडूनं बसच्या खिडकीतून सही केली. अण्णा म्हणतात हॅडली, न्यूझीलंडचा तो फास्ट बॉलर. आई म्हणायची हॉटेलातला मॅनेजर. सही म्हणजे एक उभी रेघ, तिला आडवी गाठ आणि मग लांब शेपूट. ते पाकीट लोखंडी ट्रंकेत, एलआयसीच्या कागदांखाली असतं. एक पैसा पडला नाही, हे अण्णा दर वर्ल्डकपला सांगतात.

फॉर्म भरायला बसलो. आधार कार्डाचा फोटो, पोराचा फोटो, "तुम्ही खेळाडूचे किती मोठे चाहते आहात" असा एक प्रश्न, त्याला एक ते दहा आकडे. मग पैसे. १५०० वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १७७०. पोरगं अठराच्या आतलं, म्हणून सोबत पालक हवा. पालकाला फुकट प्रवेश नाही, त्यानं किमान सिल्व्हर घ्यायचा: ५९०. एकूण २३६०. मी बँकेत नोकरी करतो, आकड्यांना घाबरत नाही. पण क्यूआर कोड स्कॅन करताना अंगठा थांबलाच. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: पैसे परत मिळणार नाहीत, वेळेत बदल होऊ शकतो, सहीसोबत नाव किंवा संदेश लिहून मिळणार नाही.

रविवारी अकराला पोचलो. टोकन १४३. मनगटाला सोनेरी कागदी पट्टी. लग्नाच्या हॉलमध्ये अजून आदल्या दिवशीच्या अक्षता कोपऱ्यात पडलेल्या. साडेबाराला सूत्रसंचालक म्हणाला, "पाहुणे शहरात दाखल झाले आहेत." दीडला म्हणाला, "पाहुणे जेवण घेत आहेत." आम्ही वडापाव घेतला. पोरानं बॅट कव्हरमधून काढून चार वेळा पुसली. काश्मीर विलोची, बावीसशेची, मागच्या दिवाळीत घेतलेली. सही मागच्या बाजूला, उंचवट्याच्या उजवीकडं घ्यायची हे त्याचं ठरलेलं होतं. पुढून घेतली तर बॉल लागून जाईल म्हणे.

दाराशी एक मुलगा उभा होता. दहा-अकराचा असेल. पायात चप्पल, हातात दोनशे पानी वही, वहीत पेन अडकवलेला. सायकल बाहेर भिंतीला लावलेली. बाऊन्सरनं त्याला दोनदा बाजूला केलं, ढकलून नाही, खांद्याला धरून, जरा प्रेमानंच. तो परत येऊन तिथंच उभा राहायचा. पास काय असतो हे त्याला कुणी सांगितलंच नसावं.

अडीचला रांग हलली. आमचा नंबर यायला पावणेचार वाजले. टेबलामागे तो बसलेला, टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बारीक आणि दमलेला. डाव्या हाताला पाण्याची बाटली, उजव्या हाताला मार्करचा गठ्ठा. एक पोरगी वस्तू पुढं सरकवायची, दुसरी उचलून परत द्यायची. आमची बॅट सरकली. मार्कर चालेना. त्यानं तो झटकला, आपल्याच तळहातावर रेघ मारून बघितली, टाकला, दुसरा घेतला. एवढ्या वेळात त्यानं मान वर केली आणि पोराला विचारलं, "बैटिंग या बॉलिंग?"

पोरगं म्हणालं, "कीपर."

तो हसला. सही झाली. "नेक्स्ट." पहिला मार्कर वाळलेला नसता तर हे बोलणंसुद्धा झालं नसतं. मी मनात मोजत होतो, सगळं मिळून बारा सेकंद. फोटो काढायला मोबाइल वर केला तर एका हातानं लेन्स झाकली. "सर, गोल्ड आहे."

बाहेर आलो तर सायकल तिथंच होती, मुलगा मात्र दिसला नाही.

घरी येईपर्यंत मी पेटलो होतो. २०२४-२५ च्या करारात क्रिकेट बोर्ड ए ग्रेडच्या खेळाडूला वर्षाला ५ कोटी देत होतं, एका कसोटीचे १५ लाख वेगळे. अशा पंगतीत जेवलेल्या माणसानं लातूरच्या पोराकडून दीड हजार घ्यावेत? ऑस्ट्रेलियाचा महान बॅट्समन ब्रॅडमन निवृत्त झाल्यावरही कित्येक दशकं रोज बसून चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं लिहायचा. आणि ज्याला सही नको वाटते त्यानं बिल रसेलसारखं वागावं. बास्केटबॉलचा एवढा मोठा खेळाडू, पण मागायला आलेल्याला सही द्यायचा नाही, हात मिळवायचा, दोन शब्द बोलायचा. त्यातही एक मान आहे. हे सगळं मी अण्णांना ऐकवलं. मला वाटलं, ते जोरात मान डोलावतील.

अण्णा म्हणाले, "पैलवानाला आपुन फुकट बोलावतो का?"

मला काही सुचलं नाही.

अण्णांचं म्हणणं असं. सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्या होतात. मोठा पैलवान इनाम ठरल्याशिवाय फडात उतरत नाही, आणि उतरूही नये. बदाम-तुपाचा खर्च कोण देणार? कीर्तनकार बिदागी घेतो. हलगीवाला घेतो. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० ला राष्ट्रकुलात सोनं आणलं, तालमीतल्या माणसाची किंमत या भागाला कुणी शिकवायची गरज नाही. "पैसे घेतल्याचं दुखत नाही रे. कुणाकडून घेतले ते बघ की. यात्रेत पट्टी कोण देतं? आडतवाला देतो, गुत्तेदार देतो, आपुन पन्नास-शंभर देतो. आन् नारळाच्या कुस्तीला आलेलं पोरगं फडाच्या कडंला मांडी घालून फुकट बसतं. जिंकलेला पैलवान फेरी मारायला आला की ते त्याच्या मांडीला हात लावून बघतं. त्याला कुणी इचारतं का, बाबा तुजा पास कंचा?"

खरं सांगतो, तोपर्यंत दारातल्या मुलाबद्दल मी अण्णांना काही बोललो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात आयोजकांपैकी एक जण बँकेत आला. ओळखीचा आहे, केबिनमध्ये चहा झाला. विषय मीच काढला. त्यानं हिशेब सांगितला: खेळाडूच्या एजन्सीला मानधन एकरकमी, निम्मं आधी, निम्मं गाडीतून उतरायच्या आत. हैदराबादहून गाडी, हॉटेल, बाऊन्सर, हॉलचं भाडं. सहीचा दर खेळाडूनं ठरवलेला नव्हता, यांनीच ठरवला. "त्यांना दोन तास विकत घेतले, आम्ही ते किरकोळीत विकले," तो म्हणाला. वर म्हणाला, फार सुटलं नाही. मी विचारलं, पहिली पन्नास टोकनं शाळेच्या पोरांना फुकट ठेवली असती तर? तो कप खाली ठेवून म्हणाला, "मग पैसे भरणारे म्हणाले असते, आम्ही काय येडे?" यावर मला उत्तर सुचलं नाही. पण स्टेजमागच्या बॅनरवर चार बिल्डर आणि दोन कोचिंग क्लासेस होते. पट्टी मागायला माणसं नव्हती असं नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पोराच्या क्लबातल्या एका मुलाकडं इंग्लिश विलोची, म्हणजे महागातली, बॅट आली. झालं, आमची काश्मीर विलो एका रात्रीत लाकूड ठरली. पोरगं म्हणालं, "पप्पा, ही सहीवाली विकली तर?" मी आधी ओरडलो. मग जेवण झाल्यावर, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर बॅटचे चार फोटो टाकले. किंमत ८,०००. वर्णन मीच लिहिलं: "ओरिजनल सही, प्रत्यक्ष घेतलेली." सहीच्या धंद्यावर आठवडाभर शिव्या घालणारा माणूस मी.

दोन दिवसांत पुण्याहून एकाचा मेसेज आला. सर्टिफिकेट आहे का? नाही. होलोग्राम? नाही. सही करतानाचा फोटो, व्हिडिओ? मी लिहिलं, "गोल्ड पास होता, फोटो प्लॅटिनमला होता." तिकडून हसणारा चेहरा आला आणि "मग ३०० ला देता का, बॅटचे?"

त्या रात्री मी हे प्रकरण जरा वाचलं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात एफबीआयनं खोट्या सह्यांच्या टोळ्यांमागे ऑपरेशन बुलपेन नावाची मोठी मोहीम चालवली होती. सापडलेल्या मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल होता. तिथल्या मेजर लीग बेसबॉलनं २००१ पासून आपल्या वस्तूंवर नंबर असलेला होलोग्राम लावायला सुरुवात केली. आणि सगळीकडं खेळाडूंची तक्रार एकच दिसली: फुकट दिलेली सही संध्याकाळपर्यंत विक्रीला लागते. म्हणून काही जण मुद्दाम "अमुकला प्रेमपूर्वक" असं नाव घालून देतात, म्हणजे बाजारात भाव येत नाही. आमच्याकडं मात्र नाव लिहायलाच बंदी होती. पोराचं नाव लिहिलं असतं तर ॲपवर टाकायची मला बुद्धीच झाली नसती.

म्हणजे खेळाडू पैसे का घेतो याचं निम्मं उत्तर माझ्याच मोबाइलमध्ये होतं. विकायला नेणाऱ्याकडून त्यानं पाच हजार घ्यावेत, बिल द्यावं, सर्टिफिकेट द्यावं, माझी काही हरकत नाही. तो व्यापार आहे, व्यापारासारखा करावा. वहीत सही मागणाऱ्या पोराकडं मात्र विकायला काही नसतं. त्या वहीच्या पानाला पुण्यातला माणूस तीनशेसुद्धा देणार नाही. एवढा फरक तर दारातल्या बाऊन्सरलाही कळला असता, त्याला कुणी तसं सांगून ठेवलं असतं तर.

जाहिरात मी काढून टाकली. पोरगं दोन दिवस फुगलं, मग त्याच बॅटनं खेळायला लागलं.

मधल्या काळात पोरानं आणखी एक उद्योग केला. मोबाइलवर हॅडलीच्या सह्यांचे फोटो शोधले, ट्रंक उघडली, चारमिनारचं पाकीट काढलं आणि दोन्ही शेजारी धरून मला बोलावलं. उभी रेघ जुळत नव्हती. आडवी गाठ जुळत नव्हती. शेपूट तर अजिबातच नाही. आम्ही दोघं दिव्याखाली ते बघत होतो तेवढ्यात अण्णा आले.

"काय करायलाव रे?"

"काही नाही अण्णा," पोरगं म्हणालं, "हॅडलीची सही बघत होतो." आणि मोबाइल उलटा करून मांडीखाली ठेवला.

अण्णांनी पाकीट हातात घेतलं, बोटानं रेघेवरून फिरवत गेले. "हे बघ. हा एच. हितनं सुरू होतो." मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या बॅटकडं गेली. "तिला तेल लावलं का न्हाई? कोरडी पडली की फुटती बघ." स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाची बाटली आणून ते खाली बसले आणि जुन्या बनियनच्या फडक्यानं बॅट घासायला लागले. पुढची बाजू झाली. बॅट उलटी केली. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं, मी त्याच्याकडं. आम्हाला वाटलं, ते सही सोडून बाजूनं लावतील.