मिशीतून पाणी

मालवणात लोकांना स्नॉर्केलिंगला नेणं, म्हणजे मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखालचं दाखवणं, हा माझा धंदा, बारा-तेरा सीझन झाले आता. लोकांना वाटतं आमचं काम पोहायचं, पण खरं सांगू का, निम्मं काम थुंकायचं आहे. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायची, खळबळून टाकायची, म्हणजे वाफ धरत नाही. हे सांगितलं की बायका ईऽऽ करतात. उरलेलं निम्मं काम म्हणजे मास्क तोंडावर नीट बसलाय का ते बघणं, आणि आजची गोष्ट त्याचीच.

जानेवारीतला दिवस. चिवला बीचवर सकाळी साडेसातला कोण असणार, दोन कुत्री आणि लांब तिकडे रापण, म्हणजे मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढणारी मंडळी, बस्स. जमिनीकडून येणारा मतलई वारा आहे तोवर पाणी कसं गपगार असतं, दुपारकडे समुद्रावरचा खारा वारा जोर धरतो मग लाट उठते, खालची वाळू ढवळते आणि फिरायला आलेला माणूस म्हणतो काहीच दिसत नाही, पैसे परत द्या. म्हणून मी ग्रुप सकाळचाच घेतो. त्या दिवशीची फॅमिली सांगलीकडची, काका, काकू आणि बारावीतली मुलगी. आणि काकांची मिशी. तिला चौथी मेंबर धरायला हरकत नाही अशी, दोन्हीकडे पीळ दिलेली, गालापर्यंत गेलेली. काका तालमीत घडलेले, मी लाईफ जॅकेट पुढे केलं तर म्हणाले, "अरं भावा, कृष्णेच्या पुरात पोहलोय आम्ही, हे काय घालतोस."

जॅकेट घातलंच मी. पण मिशीचं काय करणार?

मास्कची रबरी कड नाकाखाली वरच्या ओठावर टेकते. तिथे केस असले की प्रत्येक केसाशेजारून पाण्याला वाट मिळते. थोडी मिशी असेल तर व्हॅसलीन चोपडून भागतं. ह्या मिशीला अर्धी डबी गेली. आमचा तांडेल, बोट चालवणारा, सुकाणू धरून शांतपणे म्हणाला, "मिशी काढल्याशिवाय ह्येंका मासो दिसाचो नाय." नशीब काकांना मालवणी कळली नाही.

किल्ल्याजवळच्या खडकात बोट नांगरली. सिंधुदुर्गाचं बांधकाम महाराजांनी 1664 ला सुरू केलं हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या पायथ्याशी प्रवाळ आहे हे निम्म्या लोकांना बोटीत बसल्यावर कळतं. 1987 पासून इथे सागरी अभयारण्य आहे. काकू पाण्याला घाबरत होत्या, पोहता येत नाही, रिंग घट्ट धरून "देवा देवा" करत उतरल्या, तोंड पाण्यात घातलं आणि आवाजच बंद! दोन मिनिटांनी नळीतून नुसतं "हूंऽऽ हूंऽऽ" ऐकू यायला लागलं. खाली पिवळ्या अंगावर काळे पट्टेवाल्या माशांचा घोळका, पोरगी बोट दाखवून आईला हलवतेय.

काका उतरले ते दणक्यात. दहा सेकंदांत मास्क नाकापर्यंत भरला. नदीत पोहणाऱ्याची सवय नाकाने श्वास घ्यायची, त्यांनी नाकाने ओढला, खारं पाणी थेट डोक्यात. मग जे काय हातपाय! कुस्तीतला माणूस माझ्या मानेला लटकला तेव्हा मला वाटलं आज आपलीच पाठ टेकते. मी ओरडतोय रिंग धरा, रिंग धरा, आणि ते पायाखाली जमीन शोधतायत. पाय टेकला तो नेमका खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर. टाच कापली. खरं सांगतो, तेव्हा मला टाचेपेक्षा शेजारच्या प्रवाळाची जास्त काळजी वाटली, कारण ते दगडासारखे गोल असतात ना ते वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात आणि त्यावर कोणी पाय ठेवला की मी एरवी शिव्याच देतो. त्या दिवशी नाही दिल्या. मान मोकळी नव्हती.

तीनदा ट्राय केलं. वर बघून नाकाने फुंकर मारली की मास्कमधलं पाणी निघतं, तेही शिकवलं, पण निघतंय त्याच्या दुप्पट आत येतंय. शेवटी काका बोटीत जाऊन बसले, टाचेला फडकं बांधून, आणि अर्धा तास बायको-पोरीच्या पाठी बघत राहिले. पाण्यातून पोरगी ओरडली, "पप्पा, निळा आहे एक, केवढा!" काका काही बोलले नाहीत. किनाऱ्यावर उतरताना फक्त विचारलं, "उद्या सकाळी हाय का जागा? टाचंचं बघू नको."

दुसऱ्या दिवशी बोट ढकलली तर तांडेल म्हणतो, "कालचे मिशयेवाले येवचे नाय काय?" आणि समोर काकूंच्या शेजारी एक अनोळखी माणूस उभा, रापलेल्या तोंडावर नाकाखाली पांढरीफटक पट्टी. मला दोन सेकंद लागले.

"दुपारी किल्ल्यावर गेलतो," काका म्हणाले. "तिथं शिवराजेश्वराच्या देवळात महाराजांची मूर्ती बघितली, दाढी न्हाई तिला. म्हटलं, मग आपलं काय एवढं."

काकू तोंडाला पदर लावून उभ्या. मला हळूच म्हणाल्या, "ओठावर वण आहे हो ह्यांच्या. बावीस वर्षं झाली लग्नाला, मला आज दिसला."

त्या दिवशी मास्कमध्ये थेंब आला नाही. चाळीस मिनिटं हा माणूस रिंगला एका हाताने धरून पालथा, पाय हलवायचंही विसरलेला. मी दोनदा खांद्याला हात लावून बघितला, सगळं ठीक ना म्हणून, तर दुसऱ्या हाताने मलाच बाजूला केलं, मध्ये येऊ नको. आमच्याकडे काहीजण मासे जमवायला ब्रेड टाकतात, मी टाकत नाही, त्यामुळे मासे आपल्या सवडीने येतात. त्या दिवशी एक मोठा गोबरा मासा खडकाच्या बिळातून अर्धा बाहेर येऊन त्यांच्याकडे बघत राहिला, आणि ते त्याच्याकडे. दोघांपैकी कोणीच हलेना.

बोटीत आल्यावर त्यांचा हात सवयीने वर गेला, पीळ द्यायला, आणि तसाच खाली आला. पोरगी फोटो काढायला लागली तर म्हणाले, "काढ की. पण आज्जीला पाठवू नकोस हां, महिनाभर थांब."