गावात बसून परदेशी इतिहासाचं काम : आधी खातं ओळखा

अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. अर्धवेळ संशोधन सहाय्यकाकडून परदेशातल्या प्राध्यापकाला ती नको असते. त्याला हवे असतात आकडे, तारखा आणि फाइल क्रमांक.

शोधायला बसण्याआधी पाहायचं ते एवढंच, की त्या वर्षी ते गाव कोणाच्या अमलाखाली होतं. वर्धा नदी ओलांडली की उत्तर बदलतं. 1853 च्या तहानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, पण मुलूख कागदोपत्री निजामाचाच राहिला. त्यामुळे अमरावतीचा पत्रव्यवहार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीमार्फत, भारत सरकारच्या परराष्ट्र खात्यात जायचा. नदीपलीकडचं हिंगणघाट नागपूरकर भोसल्यांचं. ते राज्य 1854 मध्ये खालसा झालं आणि 1861 पासून मध्य प्रांतात गेलं. वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं ते थेट 1903 मध्ये. ‘अभिलेख पटल’ या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नुसतं महसूल खातं धुंडाळून वऱ्हाडचं फारसं हाती लागत नाही, ते यामुळे.

नावंही आजच्या स्पेलिंगनं शोधू नका. अमरावती तेव्हा ओ-ओ-एम-आर-ए-डब्ल्यू-यू-टी-टी-ई-ई असं लिहीत. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी रुईचं नाव ‘ऊमरा’. तेही टाकून बघा.

खरी गफलत आकड्यांत होते. मुंबईची खंडी 784 पौंडांची, म्हणजे साधारण 356 किलो. रुईचा भाव आजही याच खंडीवर निघतो, म्हणून जिनिंगवाल्याला हे शिकवावं लागत नाही. मुंबईची गाठ खंडीच्या निम्मी, 392 पौंडांची. अमेरिकन गाठ याहून जड. त्यामुळे दोन्हीकडच्या गाठी एकाच रकान्यात मोजल्या की तक्ता वाया गेलाच. आधी सगळं पौंडांत आणा, मूळ आकडा शेजारी ठेवा. ‘कॉटन’ म्हणजे रुई की सरकीसकट कापूस, तेही तळटीप वाचून ठरवा. आणखी एक खाचखळगा म्हणजे 1866-67 चं सरकारी वर्ष. ते 11 महिन्यांचंच आहे, कारण आधी वर्ष मेपासून सुरू व्हायचं, 1867 पासून एप्रिलपासून. त्या साली निर्यात घसरलेली दिसली, तर आधी महिने मोजा.

स्कॅनमधले तक्ते यंत्राच्या वाचनावर सोडू नयेत. 3 चा 8 होतो, रकाने सरकतात. बेरजा हातानं जुळवा. जड पीडीएफ रात्री उतरवा, आणि मध्येच लाइन गेली तर अर्धवट फाइल उघडून तपासा; शेवटची पानं कोरी निघतात.

फोटोच्या नावात खातं, वर्ष, फाइल, पान, याच क्रमानं.

मानधन तासावर असेल तर न सापडलेल्याची नोंदही ठेवा: कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, कोणत्या स्पेलिंगनं शोधलं. तो वेळही कामाचाच आहे, आणि बिलात तो मागायला संकोच करू नये.