लिनियाचा दीड सेकंद गेला कुठे?

लोणावळ्याहून लायन्स पॉइंटमार्गे अॅम्बी व्हॅलीला गेलं की तिथली खासगी धावपट्टी लागते. व्हॅली रन या ड्रॅग शर्यतीमुळे (सरळ पट्टीवर वेळ मोजायची शर्यत) ही पट्टी गाडीवेड्यांना ठाऊक झाली. त्या दिवशी आम्ही सरावाच्या रनसाठी तंबू टाकला होता आणि पहिली गाडी आली ती ठाण्याची फियाट लिनिया टी-जेट. आमच्या पुण्याजवळच रांजणगावच्या कारखान्यात बनलेली: 1368 सीसी, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), कंपनीच्या आकड्यानुसार 114 पीएस आणि 207 न्यूटन मीटर. जुन्या बाजारात स्वस्त मिळते आणि इंजिन दणकट, त्यामुळे कमी पैशांत वेग हवा असलेल्यांची ही लाडकी गाडी.

मालकाने आधीच दुसरीकडे लाखाच्या वर खर्च केला होता. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला आकड्यांचा तक्ता, म्हणजे मॅप, बदलणं), फ्री-फ्लो म्हणजे मोकळा एक्झॉस्ट, शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, 17 इंची अलॉय. पहिल्या रनची वेळेची चिठ्ठी आली: पाव मैलाला, म्हणजे 402 मीटरला, 17.8 सेकंद, शेवटचा वेग ताशी 126 किलोमीटर, पहिले 60 फूट 2.75 सेकंदांत.

"दादा, आवाज तर भारी येतोय, पण गाडी पळत का नाही?" मालकाने विचारलं.

चिठ्ठी वाचता आली की अर्धं निदान तिथेच होतं. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो, कारण तिथवर सुटण्यातली चूकभूल बरीच धुऊन निघालेली असते. 60 फुटांचा वेळ टायर, क्लच आणि चालवणाऱ्याचा पाय सांगतो. 126 हा वेग साध्या, न छेडलेल्या लिनियाचा. म्हणजे रीमॅपचे पैसे इंजिनापर्यंत पोचलेच नव्हते. आणि 2.75 म्हणजे पहिल्या 60 फुटांतही गळती. तिथे दशांश सेकंद वाचला, तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात.

ओबीडीला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला, ब्लूटूथचा छोटा डोंगल लावून पुढचा रन मोबाइलवर नोंदवला. मॅपने मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, 1 बार. मिळत होता अर्धा बार आणि साडेपाच हजार आरपीएमला त्याहूनही कमी. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान रांगेत उभं राहून साठच्या वर गेलेलं. त्या उष्णतेमुळे कॉम्प्युटर इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढत होता. एकाच नोंदीत दोन आजार.

बूस्टची गळती शोधायला फार साहित्य लागत नाही. टर्बोच्या तोंडाला बसेल असं पीव्हीसीचं टोपण, त्याला टायरचा व्हॉल्व्ह, आणि कॉम्प्रेसरवर दाब 12 पीएसआयपर्यंत मर्यादित. त्याआधी ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर नेणारा) पाइप चिमट्याने बंद करायचा. नाहीतर ती हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि ऑइल सील बाहेर ढकलते. मग साबणाच्या पाण्याचा फवारा. इंटरकूलरकडून (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) थ्रॉटलकडे जाणाऱ्या होजच्या सांध्यावर बारीक फुगे नाही, पांढरा फेसच आला. मूळ क्लिप काढून तिथे बाजारातली साधी स्क्रूवाली क्लिप लावलेली आणि ती पाइपच्या उंचवट्यावरच घट्ट केलेली. खालून तेलाचा ओशटपणा. बूस्ट वाढला की होज दोन मिलिमीटर सरकायचा आणि हवा फुसकन बाहेर. उभ्या गाडीत काहीच दिसत नाही. दाब आला की तोंड उघडतं.

दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने कोरडी केली, होज उंचवट्याच्या पुढे बोटभर सरकवला आणि उंचवट्यामागे टी-बोल्ट क्लॅम्प आवळला. क्लॅम्पची किंमत काही शे रुपये. या एका सांध्याने मॅपचे सगळे पैसे खाल्ले होते.

मग तो शंकू. बॉनेटखाली, रेडिएटरच्या पंख्याच्या गरम झोतात उघडा ठेवलेला फिल्टर म्हणजे इंजिनाला उकळती हवा पाजणं. आवाज दणदणीत येतो, एवढाच फायदा. फोनवर आधीच सांगितल्यामुळे त्याने मूळ एअरबॉक्स आणि 16 इंची चाकं भावाच्या गाडीतून आणली होती. एअरबॉक्स बसवला, आत नवा साधा कागदी फिल्टर. पुढच्या नोंदीत हवेचं तापमान पंधरा-सोळा अंशांनी खाली. विकत घ्यायला जाल तर असला फायदा सहजी मिळत नाही.

स्पार्क प्लग काढले तर गॅप 0.9 मिमी. बूस्ट पूर्ण मिळायला लागला की एवढ्या गॅपमध्ये ठिणगी विझते आणि वरच्या आरपीएमला गाडी अडखळते. 0.7 केला. इरिडियम प्लगची टोकं नाजूक असतात. फीलर गेज मधल्या इलेक्ट्रोडवर दाबून गॅप कमी करू नका, बाजूची पट्टीच वाकवा.

या गाडीत इंधनाचा घोळ नव्हता, पण प्रश्न रोज येतो म्हणून सांगतो. 95 ऑक्टेनवर बनवलेल्या मॅपला 100 ऑक्टेनचं पेट्रोल दिलं म्हणून ताकद आपोआप वाढत नाही. गरम दिवशी नॉकपासून (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटण्यापासून) थोडं संरक्षण मिळतं, बास. उलट 95 च्या मॅपवर कमी ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो आणि पिकअप जातो.

गाडी जॅकवर होतीच, म्हणून चाकं हाताने फिरवून पाहिली. मागचं डावं फिरेना. पार्किंग ब्रेकची केबल अडकलेली; कॅलिपरची डिस्क इन्फ्रारेड थर्मामीटरवर दुसऱ्या बाजूपेक्षा तीस-पस्तीस अंश गरम. ठाण्याच्या पावसाळ्यात मुरलेल्या गाड्यांत हे नेहमीचं. केबल मोकळी केली, ग्रीस दिलं, लिव्हर पूर्ण परत येतो का ते पाहिलं. कोणी विचारलंच, तर स्वस्तातल्या बदलांच्या यादीत मी हा सगळ्यात वर ठेवेन, कारण यात बदलायला काहीच नाही.

आता सुटणं. पुढच्या चाकांची गाडी जोरात सुटली की वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. 17 इंची जड अलॉय काढून मूळ 205/55 आर 16 चढवली. पुढे मऊ रबराचे नवे टायर. खर्चाची सगळ्यात मोठी रक्कम हीच, पण टायरशिवाय बाकीचं सगळं धुरात जातं. पुढची हवा 24 पीएसआय, मागची 38. मागे जास्त हवा म्हणजे चाक कमी वाकतं, घर्षण कमी. पुढे 20 च्या खाली जाऊ नका. साध्या रेडियलची भिंत मुडपते आणि गाडी सरळ जायला तयार होत नाही. सरावाचे रन संपले की घाट उतरायच्या आधी हवा पुन्हा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरायची, हे मी प्रत्येकाला हात धरून सांगतो.

चाकं थडथड उडत होती ती इंजिनाच्या खालच्या माउंटमुळे. त्या रबरातल्या पोकळ्यांत पॉलियुरेथेनचा इन्सर्ट ठोकला. एक बोल्ट, एक जॅक, पाऊण तासाचं काम. तोटा एवढाच की सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगमध्ये कंप जाणवतो. ज्यांना रोज आई-बाबांना घेऊन जायचं असतं त्यांनी विचार करून लावावा.

वजन कमी करायला पैसे लागत नाहीत. स्टेपनी, जॅक, टूलकिट, डिकीतला सबवूफर, मॅट, ग्लोव्ह बॉक्समधला कचरा बाहेर. पेट्रोल पाव टाकी. लिटरला पाऊण किलोच्या हिशेबाने अर्धी टाकी वाचली तरी सतराएक किलो. ढोबळमानाने 45 किलोला एक दशांश सेकंद. पुढच्या चाकांच्या गाडीत मागून काढलेलं वजन दुप्पट कामाचं, कारण पुढच्या टायरवरचा भार टक्केवारीत वाढतो. मागची सीट मात्र नियमपुस्तक पाहूनच काढा. स्टॉक क्लासमध्ये, म्हणजे न बदललेल्या गाड्यांच्या गटात, ती लागते. आणि बॅटरीची पट्टी घट्ट आहे ना, ते तपासणीत पाहतातच.

रांगेत उभं असताना एसी बंद, बॉनेट उघडं, इंटरकूलरवर बर्फाची पिशवी. सुरुवातीच्या रेषेकडे निघण्याआधी पाणी कोरडं पुसायचं. पट्टीवर थेंब पडला तर मागच्या माणसाचा जीव धोक्यात. रेषेआधी टायर भिजवायला केलेल्या पाण्याच्या डबक्याला वळसा घाला. खाचांचा साधा टायर तिथून पाणी उचलतो आणि नेमकं रेषेवर गाळतो. हँडब्रेक ओढून दोन सेकंद चाकं फिरवायची, माती झटकली गेली की थांबायचं. धूर काढणाऱ्यांचा टायर तेलकट होतो.

रेषेवर पहिला पिवळा दिवा लागल्यावर गाडी इंच-इंच पुढे न्यायची आणि दुसरा लागताक्षणी थांबायचं. घड्याळ हिरव्या दिव्यावर नाही, चाकाने किरण सोडल्यावर सुरू होतं. मागे थांबलात तर जवळजवळ फूटभर पळापळ फुकट मिळते. गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असलं तर बंद, तीन हजार आरपीएम, क्लच एकदम न सोडता अर्ध्या सेकंदात सोडायचा. आरपीएमच्या लाल रेषेपर्यंत ओढायचा मोह टाळायचा. ही छोटी टर्बो साडेपाच हजारांनंतर दमते. अठ्ठावन्नशेला गिअर बदलला की पुढचा गिअर ताकदीच्या मधोमध पडतो.

दुपारी चिठ्ठी आली: 16.3 सेकंद, 137 चा वेग, 60 फूट 2.4 मध्ये. एक्झॉस्टला कोणी हात लावला नव्हता. लोणावळ्याची उंची सव्वासहाशे मीटरच्या आसपास; मुंबईच्या तुलनेत हवा सहा-सात टक्के विरळ. टर्बोला ती तूट बरीच भरून काढता येते. बिनटर्बोच्या साध्या इंजिनाच्या सिटी किंवा स्विफ्टवाल्यांनी तिथले आकडे समुद्रसपाटीच्या आकड्यांशी ताडू नयेत.

त्याच नोंदीत पुढचं बिलही दिसत होतं. तिसऱ्या गिअरमध्ये साडेतीन हजारांच्या पुढे आरपीएम झपकन चढत होता आणि वेग मात्र जुन्याच चालीने. क्लच घसरतोय. बूस्ट गळत होता तोवर क्लचवर ताण येतच नव्हता; आता खरा टॉर्क आला आणि जुनी प्लेट उघडी पडली. मालक त्याच दिवशी मोठी टर्बो कितीला पडेल हे विचारत होता. मी त्याला प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा पूर्ण सेट लिहून दिला. फ्लायव्हील लेथवर घासून घ्यायचं, गिअरबॉक्स खाली असतानाच मागचं ऑइल सील बदलायचं, आणि पहिले पाचशे किलोमीटर शहरात शांतपणे चालवून प्लेट बसू द्यायची. तोवर पट्टीवर यायचं नाही.