राजाच्या मिठाला कोण जागेल?

फ्रान्समध्ये क्रांती होऊन राजा सोळावा लुई का गेला असं कुणालाही विचारा, उत्तर येतं पावाचं. खोटं नाही ते. जुलै १७८८ मध्ये गारपिटीने उभी पिकं झोपवली, त्यावर कडाक्याचा हिवाळा. पुढच्या वर्षी पॅरिसच्या मजुराची निम्म्याहून जास्त मजुरी नुसत्या पावात जायला लागली. ('पाव नसेल तर केक खा' हे राणीचं वाक्य मात्र उगाच तिच्या नावावर खपलंय, ती तसं म्हणाल्याचा पुरावा नाही.) पण दुष्काळ आधीही पडले होते आणि राजे टिकले होते. मला विचाराल तर मी मिठाकडे बोट दाखवेन. ऐरोलीच्या पुलावरून खाडीपलीकडची मिठागरं बघत वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

मी राहतो फ्रान्समधल्या रेन शहरात, पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतात. पूर्वी ब्रिटनीतच मोडणाऱ्या गेरांदला अजून हाताने मीठ काढतात. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या मिठाची पिशवी घरी आणली, तर आई म्हणाली, "अरे, मीठ कुणी आणतं का विमानातून? आणि हे असं काळपट का?" उत्तर मला नाही, दिवा गावातल्या काकांना देता आलं. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. काकांनी खडा चिमटीत चुरडला, बोटं निरखली आणि म्हणाले, "तळाची माती लागलीय. चांगलं आहे, धुतलेलं नाही." मग त्यांना ब्रिटनीतल्या मिठाची गोष्ट सांगत बसलो.

राजाच्या काळात ब्रिटनीत मिठावर कर नव्हता. पूर्वेची हद्द ओलांडून मेन प्रांतात गेलं की तेच मीठ वीसपटीहून महाग. तिथे आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरलेलं मीठ सरकारी कोठारातून घ्यावंच लागे, गरज असो वा नसो. तेही फक्त रोजच्या जेवणापुरतं; त्यात मांस खारवलं तर गुन्हा, त्यासाठी वेगळं मीठ विकत घ्या. म्हणजे आमटीचं मीठ लोणच्यात टाकलं म्हणून आईला दंड! हद्दीवर चोरटा व्यापार चाले. बायका घागऱ्याखाली मीठ लपवून नेत, कुत्र्यांच्या पाठीवर पिशव्या बांधत. हत्यारासह सापडलेल्याला थेट जहाजावर वल्ही मारायची शिक्षा. आणि कित्येक सरदारांना, अधिकाऱ्यांना, मठांना मात्र सवलतीचं मीठ घरपोच.

गरिबी माणूस नशिबाच्या खाती टाकतो. शेजारच्या हवेलीला माफी आणि आपल्या झोपडीला सक्ती, हे कुठल्या नशिबात बसवणार? १७८९ च्या वसंतात राजाने गावोगावच्या तक्रारी लिहून मागवल्या, तेव्हा या कराविरुद्ध लोकांनी वह्या भरल्या.

राजा अगदीच आंधळा होता असंही नाही. तिजोरी रिकामी होती, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर होतं. त्याचा अर्थमंत्री कालोन याने १७८७ मध्ये सगळ्याच जमीनदारांवर कर सुचवला, सरदार-धर्मगुरूंसकट. त्यासाठी बोलावलेल्या सभेत बसलेले बहुतेक तेच माफीवाले. त्यांनी तो हाणून पाडला आणि कालोनलाच घरी जावं लागलं. सोळाव्या लुईला बुडवायला सुरुवात त्याच्याच पंगतीतल्यांनी केली, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं तुम्हाला शाळेपासून पाठ आहे: १७८९ च्या १४ जुलैला बास्तीयचा (बॅस्टिलचा) तुरुंग पडला, ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्कांवर घाव, ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या बायका पावासाठी पायी व्हर्सायच्या राजवाड्यावर, आणि २१ सप्टेंबर १७९२ ला राजेशाहीच रद्द.

काका वडाळ्याच्या मिठागरांवरचा १९३० चा सत्याग्रह वडिलांकडून ऐकत आलेले. त्यांनी नेमकं विचारलं, "मग राजा गेल्यावर मीठ स्वस्त झालं का?"

झालं, राजा जायच्या आधीच. कर १७९० मध्ये उठला. पण त्याबरोबर हद्दीवरच्या चोरट्या व्यापाऱ्यांचं पोटही गेलं. मेनमधला झां कोतरो त्यांपैकीच एक. राजाच्या शिपायांना चुकवत मीठ विकलेला हा माणूस पुढे क्रांतीविरुद्ध, राजाच्या बाजूने लढत मेला. आणि कर? नेपोलियनने सम्राटपदाचा मुकुट घातल्यावर दीड वर्षाच्या आत, १८०६ मध्ये, मिठावर पुन्हा बसवला. या वेळी सरदारांना माफी नव्हती, एवढाच फरक.