अण्णा स्वतः जात असत

माझे आजोबा, ज्यांना घरात, मोंढ्याच्या धान्यबाजारात आणि उभ्या पंचक्रोशीत सगळे अण्णाच म्हणत, ते गेल्या माघ महिन्यात वयाच्या ९२ व्या वर्षी लातूरला वारले. साठाहून अधिक वर्षे त्यांनी आडतीचा, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देण्याचा, व्यवसाय केला. गादीवर बसून मुनिमाकरवी सारा कारभार उरकता येईल असा हा धंदा, पण अण्णा आयुष्यभर फिरत राहिले. उधारीची वसुली असो, सोयरीक असो की कुणाच्या घरचे दुःख असो, जिथे निरोप धाडून भागले असते तिथेही ते स्वतः जात. त्यांची ही सवय मला त्यांच्या साऱ्या कर्तबगारीपेक्षा मोठी वाटते.

त्यांचा जन्म १९३२ चा, निजामाच्या राजवटीतला. शाळा उर्दू माध्यमाची, घरात मराठी आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी कित्येकांची भाषा कानडी, त्यामुळे मिसरूड फुटण्याआधीच तिन्ही भाषा त्यांच्या तोंडी बसल्या होत्या. रझाकारांच्या धामधुमीत अनेक कुटुंबांप्रमाणे आमच्या पणजोबांनीही बायकामुलांना बार्शीला हलवले, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, मुंबई प्रांतात होती. १९११ पासून लातूरला येणारी बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी दोन राज्यांची हद्द ओलांडत जाई. वाटेत करोडगिरीची, म्हणजे जकातीची, झडती होई, आणि इकडचे निजामी चलन, हाली सिक्का, तिकडे चालत नसल्यामुळे पैसेही बदलून घ्यावे लागत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि पुढे ती हद्द पुसली गेली. अनोळखी डब्यात शेजारच्या माणसाला ‘कुठं चाललाव?’ असे विचारून दोन स्थानकांच्या आत त्याच्या गावातला कुणीतरी ओळखीचा शोधून काढण्याची हातोटी मात्र त्यांना त्याच प्रवासांत लाभली असावी, असे आजी सांगत असे.

मोंढ्यात ते वडिलांच्या गादीवर बसले तेव्हा रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत सर्रास होती. ज्याचा माल, त्या शेतकऱ्यालाच आपला भाव शेवटपर्यंत कळत नसे. अण्णांना ही रीत पहिल्यापासून नापसंत होती, आणि बाजार समितीने उघड लिलाव सुरू केल्यावर, काही जुने व्यापारी नाराज असतानाही, त्यांनी समितीची मनापासून बाजू घेतली. तूर, हरभरा, करडई आणि पुढे सोयाबीन घेऊन येणारा शेतकरी लिलाव संपेपर्यंत गादीवर त्यांच्या शेजारी बसे. हिशेबपट्टीतली हमाली, तोलाई आणि आडत त्याला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते त्याचा अंगठा किंवा सही घेत नसत. पेरणीच्या तोंडावर दिलेली उचल वसूल करायला ते स्वतः गावी जात, आणि पीक बुडालेले दिसले की पैशांचा विषय न काढता जेवून परत येत. त्यात त्यांचे नुकसानही झाले. पण १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्याकडे त्यांनी तगादा लावला नाही, त्यांच्या नातवंडांचा माल आजही आमच्या दुकानी उतरतो, ही गोष्ट मी त्यांच्याइतकीच अभिमानाने सांगते.

माल घेणाऱ्या पेढ्यांशीही त्यांचे वागणे असेच होते. कलबुर्गी, हैदराबाद, इंदूर, कानपूर, मुंबईचा दाणाबंदर आणि पुढे तिथला बाजार हलल्यावर वाशी, असा त्यांचा नेहमीचा फेरा असे. लॉजवर उतरणे त्यांना आवडत नसे. डाळ मिलवाल्याच्या घरी उतरावे, त्याच्या आईच्या पाया पडावे, मुलांची इयत्ता विचारून ध्यानात ठेवावी आणि भावाची बोलणी जेवणानंतर करावी, असा त्यांचा शिरस्ता होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, ब्रह्मदेशातून येणारी तूर आणि उडीद आपल्या बाजाराचे भाव हलवू लागले, तेव्हा साठी उलटलेले अण्णा तिथला माल डोळ्यांनी पाहायला रंगूनला गेले. गोदामे पाहून झाल्यावर ते बहादूरशाह जफरच्या दर्ग्यावर गेले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी या शेवटच्या मोगल बादशहाला तिथे हद्दपार केले, १८६२ मध्ये तो तिथेच वारला, आणि त्याची मूळ कबर १९९१ मध्ये खोदकाम करताना सापडली. दर्ग्याची देखभाल करणाऱ्या वृद्धाशी अण्णा शाळेतल्या उर्दूत बराच वेळ बोलत बसले; परत आल्यावर तुरीच्या भावापेक्षा त्या वृद्धाच्या कुटुंबाची हकिकत त्यांनी आम्हाला अधिक तपशिलाने सांगितली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरमध्येही आम्ही सारे रस्त्यावर होतो. उजाडताच अण्णांनी घरातली ज्वारी, डाळ आणि गोदामातली ताडपत्री मालमोटारीत भरली आणि चालकाशेजारी बसून ते औशाच्या रस्त्याने निघाले. त्या भागातील कितीतरी घरांत ते जेवलेले होते. जवळजवळ दहा हजार माणसे त्या पहाटे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली होती. अण्णा परतले तेव्हा त्यांनी कुणाशीही फारसे बोलणे केले नाही. दिवाळीला नव्या वह्यांची पूजा झाली, तेव्हा त्या गावांची जुनी बाकी नव्या खतावणीत ओढायची नाही, एवढेच मुनिमांना सांगितले. पुढे गावे नव्या जागी वसल्यावर वास्तुशांतीची जेवढी बोलावणी आली, तेवढ्या सगळ्या ठिकाणी ते गेले.

कुटुंबप्रमुख म्हणून ते कडक होते. सोयरीक, शिक्षण, जमिनीचा व्यवहार यांत अखेरचा शब्द त्यांचाच असे, आणि त्यांचा प्रत्येक निर्णय मला पटला असे मी म्हणणार नाही. त्यांच्या माणसे जोडण्याचा भार आजीने आणि घरच्या सुनांनी चुलीपुढे वाहिला, हेही लिहिलेच पाहिजे. आगाऊ न कळवता आठ-दहा पाने वाढणे हा आमच्या घरातला नेम होता. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, तर शेतात अर्धा मोंढा लोटे: कडब्याच्या खोपीतली पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि बिंदग्यातले आंबील. हमाल, मापाडी, मिलवाले आणि जावई एकाच पंगतीत बसत. अण्णा मात्र वाढायला उभे राहत आणि शेवटच्या पंगतीत आजीला आग्रहाने आपल्या शेजारी बसवत.

ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी हयातीतच वाटण्या केल्या. त्यासाठीही मुलांना एकत्र न बोलावता ते पुण्याला, नांदेडला, संभाजीनगरला एकेकाच्या घरी जाऊन राहिले, सुनांचे म्हणणे ऐकले आणि मगच कागद केले. मुलींनाही वाटा दिला. त्या कागदांवरून आजवर आमच्या घरात वाद झालेला नाही.

तेराव्याला आलेल्यांत कलबुर्गीचे एक वयस्क डाळ मिलवाले होते. गुडघे दुखत असूनही ते बसने आले होते. फोन केला असता तरी चालले असते, असे काकांनी म्हटल्यावर ते मोडक्या मराठीत म्हणाले, ‘माझे वडील गेले तेव्हा अण्णा रात्रीच्या गाडीने आले होते.’