विकासाचा अभ्यास करणारे विद्यार्थी कोणत्या घरांतून येतात?

विद्यापीठाने आपल्या परिसराच्या आर्थिक विकासात प्रत्यक्ष उतरावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी ग्रामीण पाहण्यांची परंपरा तर घातलीच, शिवाय विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यात पुढाकार घेतला. पुढे १९८५ मध्ये आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ हे केंद्र सुरू झाले आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी कर्जत, मोखाडा, जव्हार या तालुक्यांतील पाण्याचे व उपजीविकेचे प्रश्न प्रबंधाचा विषय म्हणून हाताळू लागले. या कामाची चर्चा होते ती निधी, सामंजस्य करार आणि अहवाल यांच्या अंगाने. ते करणारे पदव्युत्तर विद्यार्थी कोणत्या घरांतून येतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो, आणि माझ्या मते कामाचा दर्जा बऱ्याच अंशी तिथेच ठरतो.

मी विद्यापीठात शिकवतो आणि अभियांत्रिकी व अर्थशास्त्र या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांचे गट पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर घेऊन जातो. मोखाड्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मुंबईला पाणी पुरवणारी वैतरणेची धरणे याच परिसरात आहेत, आणि तरीही उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशाच एका पाड्यावर बंद पडलेल्या नळपाणी योजनेचा अभ्यास चालू होता. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी टाकीची उंची, पाइपचा व्यास, पंपाची क्षमता हे सारे काळजीपूर्वक मोजले आणि माणशी दररोज ५५ लिटर पाण्याच्या निकषाशी ताडून पाहिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने पाणीपट्टीची वही मागवून थकबाकीचा तक्ता केला. वीजबिल थकल्यामुळे योजना बंद पडली, एवढे त्यातून स्पष्ट झाले. लोक पाणीपट्टी का भरत नाहीत, हे मात्र कोणालाच उलगडेना. तेव्हा गटातील एका मुलाने ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना विचारले, “मावशी, उचल कधी घेता तुम्ही लोक?”

त्या मुलाचे आईवडील बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची, ती फिटेपर्यंत घर सोडून राबायचे, हे चक्र त्याने लहानपणापासून पाहिलेले होते. मावशींनी सांगितले, की दिवाळी झाली की निम्मा पाडा भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातो, उचलीचे पैसे आधीच सणावारात आणि दुखण्याखुपण्यात संपलेले असतात, आणि माणसे परततात ती पावसाच्या तोंडावर. पाणीपट्टीची मागणी नेमकी घरांना कुलपे असतानाच निघत होती. कागदावरची लोकसंख्या आणि त्या महिन्यांत पाड्यावर असलेली माणसे यांचा मेळच नव्हता. त्या एका प्रश्नानंतर अहवालाची मांडणी बदलली: वसुलीचे महिने बदलावेत आणि पंप चालवण्याचा खर्च हंगामानुसार पुन्हा मांडावा, अशी शिफारस त्यात आली.

यावरून गावाकडचा विद्यार्थी असला की काम भागते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सांगलीकडच्या बागायतदार घरातील मुले शेती म्हटली की ठिबक, विहीर आणि पीककर्ज गृहीत धरतात. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर नागली पिकवणाऱ्या वारली कुटुंबाचे अर्थकारण त्यांना मुंबईच्या मुलाइतकेच परके असते, आणि आपल्याला गाव कळते या खात्रीमुळे ती विचारायचेही थांबतात. उलट परप्रांतातून आलेला, मराठी न येणारा विद्यार्थी दुभाष्याच्या मदतीने का होईना, प्रत्येक गोष्ट विचारून घेतो. मुली गटात असल्या तर पाणी भरणाऱ्या बायकांशी मोकळे बोलणे होते. नसल्या तर अहवालात बहुधा ग्रामपंचायत कार्यालयात भेटलेल्या पुरुषांचेच म्हणणे उतरते. कोणती विहीर कोणाच्या वस्तीत आहे आणि तिथे पाणी भरायला कोण कचरते, हे दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

म्हणून गट पाडताना आता मी गुणांच्या यादीबरोबर घरची शेती, स्थलांतर, येणाऱ्या बोली यांचीही विचारपूस करतो. ती सगळ्यांसमोर करू नये, कारण काहींना ते सांगणे जड जाते.

खरी अडचण पुढे आहे. ‘गेट’ या प्रवेश परीक्षेतून एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते आणि ऊसतोडीच्या घरातला मुलगा त्यातलेही पैसे घरी पाठवतो. पदवी हाती पडताच कर्ज फेडण्यासाठी त्याला कंपनीची नोकरी धरावी लागते, आणि विकासाच्या क्षेत्रात टिकतात ती बहुतेक अशी मुले, ज्यांच्या पगारावर घर अवलंबून नसते. विद्यापीठांनी जिल्हा परिषदांबरोबर मिळून अशा विद्यार्थ्यांसाठी पदवीनंतरची दोन वर्षांची, घर चालेल इतक्या वेतनाची पदे निर्माण करावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. सल्लागार संस्थांना अहवालांसाठी दिल्या जाणाऱ्या रकमांतून या पदांचा खर्च सहज भागू शकेल.